बाईच्या ओळीला शब्द नव्हते

माझा थोरला भाऊ बोटीवर होता. आमच्याकडे 'बोटीवर आहे' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पांढरा गणवेश आणि सोनेरी बटणं येतात. प्रत्यक्षात तो मालवाहू जहाजाच्या पोटात इंजिनाला तेल घालायचा आणि दिवसचे दिवस त्याला ऊन दिसायचं नाही. पण तो घरी आला की बॅग उघडण्याचा सोहळा व्हायचा. ओटीवर वाडी जमायची. साबण, अत्तर, चॉकलेटं, दाढीची पाती एकेक करून बाहेर यायची आणि प्रत्येक वस्तूला म्हाताऱ्या बायका 'अगो बाय' म्हणून सलामी द्यायच्या.

एका वर्षी त्याने बॅगेच्या तळातून एक कॅसेट काढली. कोकण रेल्वेचे बोगदे तेव्हा अजून खणले जात होते, म्हणजे काळाचा अंदाज येईल. वेष्टनावर काळे चष्मे लावलेले दोन पुरुष आणि मध्ये चंदेरी कपड्यांतली एक बाई. युरोपातल्या कुठल्याशा देशातली मंडळी होती. त्यांचं नाव मी सांगणार नाही. एक तर ते मला कधीच नीट उच्चारता आलं नाही, आणि दुसरं म्हणजे या हकिगतीत मी कुणाचंच नाव घेणार नाही, मग त्यांचंच कशाला.

"यांचं हे पहिलंच गाणं," भाऊ म्हणाला. "ज्या बंदरात उतरावं तिथं हेच वाजतंय. लोक नाचून नाचून वेडे झालेत."

कॅसेट लावली. धाड धाड धाड असा ठोका सुरू झाला. एक पुरुष भांडल्यासारखा घाईघाईने काहीतरी बोलला, मग बाईने उंच आवाजात एक सूर लांबवला, मग परत ठोका. गाणं संपलं. दुसरं सुरू झालं, तर तेच. तिसरंही तेच, फक्त जरा लांब. बाजू पलटली तरी तेच.

शेजारची काकी तेव्हा पन्नाशीची असेल. तिच्या जिभेला सगळी वाडी भ्यायची. ती पदर सावरत उठली. "एवढा समुद्र ओलांडून कॅसेट आणलीन आणि तिच्यात गाणं एकच," ती म्हणाली. "गोऱ्यानं तुला फसवला रे बाबा."

भावाने 'सिंगल' म्हणजे काय ते समजावून सांगितलं. कुणालाही पटलं नाही. फसलेला माणूस आणखी काय सांगणार, असं म्हणून वाडी घरी गेली.

एकच माणूस उठला नाही, तो आमचा कवी.

कवी माझ्याच वयाचा, माझ्या चुलतघरातला. रत्नागिरी-लांजा गाडीवर कंडक्टर. वाडी त्याला कवी म्हणायची, कारण आमच्या जाखडीची गाणी तो बांधायचा. ज्यांनी जाखडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी हा नाच होतो. मध्ये गाणारा, ढोलकीवाला आणि झांजवाला बसतात आणि त्यांच्याभोवती एका पायात चाळ बांधलेले आठ जण गोल फिरत नाचतात. आमच्या वाडीच्या आठांत मी एक. आधी गण, मग गवळण, आणि समोर दुसऱ्या वाडीचा संघ असला तर शक्तीवाले आणि तुरेवाले यांचे सवाल-जवाब. शब्द आपले, चाल मात्र ज्याला जिथून मिळेल तिथून. सिनेमातली, भजनातली, रेडिओवरच्या जाहिरातीतली. आमच्या कवीने एकदा दंतमंजनाच्या जाहिरातीवर गवळण बांधली होती आणि ती म्हणताना राधेचे दात फार पांढरे असल्याचा उल्लेख त्याला टाळता आला नव्हता.

त्या दिवशी तो टेपजवळ तसाच बसून राहिला. कॅसेट पुन्हा लाव म्हणाला. मग पुन्हा. मग माझ्याकडे वळला.

"तुला काय ऐकू येतंय?"

"डोकं उठलंय, ते ऐकू येतंय."

"गाढवा, नीट ऐक. हा पुरुष तावातावाने काय करतोय? सवाल टाकतोय. आणि ती बाई? ती जवाब देतेय. अरे, हे शक्ती-तुरा आहे. या लोकांना फक्त ते ठाऊक नाय."

मी हसलो. पण पुढच्या खेपेला कॅसेट वाजली तेव्हा मलाही तेच ऐकू आलं आणि मग आयुष्यभर दुसरं काही ऐकू आलं नाही.

त्याने ती चाल गाडीवर बसवली. म्हणजे अक्षरशः लांजा गाडीवर. तेव्हा कंडक्टरच्या हातात तिकीट टोचायचा पंच असायचा आणि रिकाम्या हाताने तो टिकटिकवत बसायची या लोकांना सवयच. कवी दोन थांब्यांच्या मधे पंचाने ताल धरायचा आणि गण जुळवायचा. पाली येईपर्यंत एक कडवं, लांजा येईपर्यंत दुसरं. उतारूंनी तक्रार केली नाही. एक आजी तर म्हणे लांज्याला उतरताना त्याला म्हणाली, "बाबा, गणपतीला सोंड दिलीस, पण उंदीर विसरलास." परतीच्या फेरीत उंदीर आला.

पुरुषाच्या घाईच्या बोलण्यात गणपतीचे हात, दात, पोट, मोदक सगळं बसलं. अडलं ते बाईपाशी. तिची ती एक उंच, लांब ओळ. मुळातही तिथे शब्द नव्हते, नुसता सूर होता, समुद्रावरून हाक मारल्यासारखा. कवीने तिथे काय काय घालून पाहिलं. 'गजानना' घातला, तो मोडला. 'गौरीनंदना' लांब झाला. 'मोरया' बसला, पण बसल्या बसल्या त्याचा आरतीचा ठोका झाला. शेवटी वैतागून म्हणाला, "राहू दे. इथे बाई बोलतेय, तिला मध्ये तोडायची नाय." आणि ती ओळ तो स्वतःच बारीक आवाज काढून नुसत्या 'ओ'कारात म्हणू लागला. दाढीमिश्यांचा दांडगा पुरुष, बोट कानाशी धरून, बाईच्या आवाजात. तालमीत आम्ही पोट धरून लोळलो.

ढोलकीवर आमचे मास्तर होते. ओढ्यापलीकडच्या बौद्धवाडीतले, प्राथमिक शाळेत शिकवायचे. त्यांच्या घरात देव नाही आणि आमच्या जाखडीत गण पहिला, तर त्यांनी आपला तह स्वतःच करून टाकलेला होता. "मी देवासाठी वाजवत नाही, तुमच्यासाठी वाजवतो," ते म्हणायचे. "गण चालू असताना माझे हात ढोलकीवर असतात, जोडलेले नसतात. बघून घ्या." हे गाणं ऐकलं तेव्हा त्यांनी कवीला सांगितलं, "तुझ्या गाण्यात मला ती शब्द नसलेली ओळ सगळ्यात आवडते."

"का हो?"

"तिथे मला नुसतं वाजवायला मिळतं."

गौरीच्या दिवशी गण पहिल्यांदा उभा राहिला. दुसऱ्या वाडीचा संघ समोर होता आणि त्यांचा शाहीर मुरलेला. आमचा गण त्याने शांतपणे ऐकला. बाईच्या ओळीला लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग तो उठला आणि भर मांडवात म्हणाला, "कवीबुवांचे शब्द वाटेत सांडले काय? मधेच नुसते ओरडतात, पोटात कळ आल्यासारखे."

मांडव हसला. कवी जागचा हलला नाही. दोन्ही हात जोडून म्हणाला, "बुवा, शब्द होते. पण माझी ओळ बाईची आहे. घरी तुम्ही बाईला बोलू देत नाय, म्हणून तुम्हाला ओळखू आली नाय."

आता हसणारा मांडव दुसऱ्या बाजूला वळला आणि सगळ्यात आधी त्या शाहिराची बायकोच हसली. ती बारी आम्ही तिथेच जिंकलो.

तिथून ते गाणं चालतं झालं. पुढच्या वर्षी लांज्यात कुणीतरी त्याच चालीवर गवळण म्हटली. दापोलीकडच्या एका संघाने बाईच्या ओळीसकट उचललं. कुणीही विचारलं की कवी खरं सांगायचा, "चाल परदेशी हाय, शब्द माझे." पण लोकांना तो नम्रपणा वाटे. मोठ्या माणसाने असंच बोलायचं असतं, असा समज. त्यामुळे झालं काय, की आमच्या वाडीतली एक पोरगी लग्न होऊन मुंबईला गेली, तिथे नवऱ्याच्या मित्राच्या हळदीला ते मूळ गाणं डीजेवर लागलं, आणि ती सगळ्या पाहुण्यांसमोर संतापून म्हणाली, "हे आमच्या काकांचं गाणं आहे. चोरलंय यांनी. बायकोला गोरी करून आणली म्हणजे काय गाणं तुमचं झालं?" ती कोणत्या बायकोविषयी बोलत होती हे आजवर कुणाला कळलेलं नाही. कवीने हे ऐकलं तेव्हा तो आधी हसला आणि मग म्हणाला, "बिचारे ते लोक. त्यांना ठाऊक पण नसेल, आपण चोर ठरलो ते."

त्या बिचाऱ्यांचं पुढे काही झालं नाही. भाऊ सांगायचा, दुसरं गाणं काढलं, कुणी ऐकलं नाही. तिसरं काढलं की नाही ते त्यालाही माहीत नव्हतं. एका गाण्यावर आले आणि एका गाण्यावर गेले. आमच्या कवीनेही पुढे पुष्कळ गण बांधले, पण लोक म्हणायचे, ते जुनं होऊ दे. तो मनात खट्टू व्हायचा, पण म्हणायचा. माणसाला एक गाणं मिळालं तरी खूप, असं मी त्याला एकदा म्हणालो. "तुझ्यासारख्याला एकही मिळालं नाय, म्हणून बोलतोस," तो म्हणाला. खरं होतं.

मी बाजारात लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान टाकलं. आठ जणांपैकी बाकीचे मुंबई, पुणे, आखाती देश असे पांगले. एकाचे गुडघे गेले, एकाची बायको म्हणाली, या वयात नाचलात तर मी माहेरी जाईन. बघता बघता जाखडी थांबली. कुणी थांबवली नाही. चाळ माझ्या माळ्यावर पिशवीत पडले आणि ढोलकी मास्तरांच्या घरी भिंतीला लटकली.

मग कवीचा आवाज बसला.

आधी वाटलं, थंडी. मग वाटलं, बडबडून. तंबाखू त्याने कधी खाल्ली नव्हती, म्हणून त्या दुखण्याची शंका कुणी घेतली नाही. मुंबईला नेलं, घशातून काय काय काढलं, आणि तो परत आला तेव्हा आवाजाच्या जागी नुसती हवा उरली होती. कान त्याच्या ओठांशी नेला तर शब्द कळायचे. डॉक्टरांनी त्याच्या मुलीला बाजूला घेऊन जे सांगितलं ते तिने मला अंगणात, पाठ फिरवून, तुळशीला पाणी घालत सांगितलं. ती जिल्ह्याच्या ठिकाणी नर्स आहे. आम्ही तिला फार काही समजावण्याची गरज नव्हती.

दुखणं आल्यावर त्याने पलंगाच्या दांड्यावर बोटाने ठोके द्यायला सुरुवात केली. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे चल. गाडीतली घंटाच ती. वहिनी, म्हणजे त्याची बायको, पेजेची वाटी तोंडाशी न्यायची. दोन ठोके, म्हणजे दे. एक, म्हणजे पुरे. "एवढी वर्षं घरात कधी ऐकलं नाय माझं," वहिनी मला म्हणाली, "आता तर नुसती घंटा मारतात." हे म्हणताना ती पदराने वाटी पुसत होती आणि ती वाटी आधीच कोरडी होती.

आषाढात एकदा त्याने मला जवळ बोलावलं. मी कान नेला.

"गौरीला जाखडी उभी कर," तो कुजबुजला. "माझ्या अंगणात. तेच गाणं. आठ जण पायजेत, सात नाय."

"आत्ताच करतो," मी म्हटलं. "या रविवारी. कशाला थांबायचं?"

एक ठोका.

"गणपती आल्याशिवाय गण कोणासमोर म्हणणार? तुझ्या लाउडस्पीकरसमोर?" श्वास घेऊन मग म्हणाला, "मी काढीन तोवर. काढायलाच पायजे. आधी गेलो तर वाडीला सुतक."

ही भीती त्याच्या मरणाच्या भीतीपेक्षा मोठी होती. आमची वाडी एकाच भावकीची. एका घरात माणूस गेलं की सगळ्या घरांना दहा दिवसांचं सुतक, आणि सुतकात गणपती आणता येत नाही. कवी चतुर्थीच्या तोंडावर गेला असता तर एकाही घरात मूर्ती आली नसती. मुंबईहून रजा काढून आलेली माणसं रिकाम्या मखरापुढे बसली असती. वर्षभर ज्याची वाट बघायची तो सण आपल्यामुळे बुडावा, हे त्याला सहन होत नव्हतं.

ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बोलली ती काकी. आता ती ऐंशीच्या पुढे होती, कमरेत वाकलेली, जीभ मात्र सरळ. रोज सकाळी त्याच्यासाठी मऊ भात घेऊन यायची आणि पलंगाजवळ बसून दम द्यायची.

"हे बघ, माझा नातू दुबईवरून येतोय. मखर मागवलंय त्यानं. गणपतीच्या आधी मेलास ना, तर बघ."

दोन ठोके.

"दोन काय मारतोस? तोंड उघड, खा."

मी आठ जण जमवायला लागलो. फोनवर एकेकाची आयुष्यं बाहेर आली. एक म्हणाला, "माझं पोट बघितलंस तर तू मला ढोलकी म्हणून वापरशील." दुसऱ्याने विचारलं, गाणं मोबाइलवर लावून नाचलं तर नाही का चालणार? मी म्हटलं, नाही. तिसऱ्याने एवढंच विचारलं, "कोण गाणार?"

तोच प्रश्न होता. गण आम्हा सगळ्यांना तुकड्या-तुकड्याने येत होता, पण अख्खा त्याच्याच तोंडात होता आणि ते तोंड आता बंद झालं होतं.

"मला येतं," मुलगी म्हणाली. "सगळं येतं. लहानपणी बाबा आंघोळीला बसले की मी न्हाणीच्या दाराशी पंच वाजवायचे."

आमच्या मंडळात बाई कधी गायली नव्हती. मी कवीकडे बघितलं. त्याने डोळे मिटले होते, ओठांवर काहीतरी हसू होतं. मी वाकलो.

"शेवटी बाईची ओळ बाई म्हणणार," तो म्हणाला. "गोऱ्यांचं बरोबर होतं."

श्रावणात मी एक उद्योग केला. दुकानातला मोठा स्पीकर टेम्पोत घालून त्याच्या अंगणात आणला आणि मोबाइलवर ते मूळ गाणं शोधून लावलं. आमची कॅसेट केव्हाच बुरशीने गेली होती, त्यामुळे इतक्या वर्षांत त्याने मूळ गाणं ऐकलंच नव्हतं. ठोका सुरू झाला तशी कौलं थरथरली, काकीच्या कोंबड्या पळाल्या. पुरुष बोलला. बाईचा सूर आला. कवी छताकडे बघत ऐकत होता. संपायच्या आधीच एक ठोका. मी बंद केलं.

"काय रे? आवडलं नाही?"

"फार घाई करतात," तो कुजबुजला. "चाल चांगली हाय. पण दम नाय. यांना कुठली गाडी पकडायची हाय?"

मग त्याने डोळे पुसले आणि मला म्हणाला, "तो स्पीकर घेऊन जा. काकीची कोंबडी अंडं देणार नाय."

हरतालिकेच्या दिवशी सकाळी माणसं पोचली. कुणी रेल्वेने, कुणी रात्रभर महामार्गावर अडकून. चहासुद्धा न घेता आठही जण कवीच्या पलंगाभोवती उभे राहिले, जसे पूर्वी मध्ये त्याला बसवून उभे राहायचो तसे, गोल. टकलं झालेली, पोटं सुटलेली, पांढऱ्या मिश्यांची माणसं. आमच्यातला सगळ्यात दांडगा, जो बंदरावर क्रेन चालवतो, तो एकदम हुंदका देऊन रडायला लागला.

एक ठोका.

तो थांबला, आणि आम्ही सगळे हसलो. त्या हसण्यात कवीही होता, हवेच्या आवाजात. मास्तर ओढ्यापलीकडून ढोलकी घेऊन आले. "चामडं जरा ढिलं झालंय," ते म्हणाले, "उन्हात ठेवतो, ऊन पडलं तर." संध्याकाळी तालीम ठरली. मी चाळ वाटले. उद्या चतुर्थी, मग गौर, मग नाच. एवढेच दिवस काढायचे होते.

दुपारी मूर्ती आणायला आम्ही मूर्तिकाराच्या कारखान्याकडे निघालो. डोक्यावर पाट, खांद्यावर टॉवेल. वळणापर्यंत गेलो असू. मागून मुलीची हाक आली. तिने फक्त मला हाक मारली होती, पण ऐकून सगळेच थांबले. ती पायऱ्यांवर उभी होती आणि धावत नव्हती. ती नर्स आहे. धावण्यासारखं काही उरलं असतं तर ती धावली असती.

आम्ही रिकामे पाट घेऊन परत फिरलो.

मी आयुष्यात पुष्कळ मयतं पाहिली, पण अख्ख्या वाडीची घरं एकाच वेळी एवढी गप्प झालेली पाहिली नाहीत. ओटीओटीवर मखरं तयार होती. दिव्यांच्या माळा लागत होत्या, विझत होत्या. कुणीतरी जाऊन एकेक बटण बंद केलं. ओढ्यापलीकडून मास्तरांच्या घरून भाताची आणि डाळीची पातेली आली, कारण आमच्याकडे कुणाच्याच घरात चूल पेटायची नव्हती. पोरांनी विचारलं, बाप्पा कधी येणार?

वहिनी पलंगाशी बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "लोकांचा सण बुडवलात. एक दिवस तरी काढायचात. एकच दिवस."

काकी आली. सगळ्यांना वाटलं, आता ही काय बोलेल. तिचा नातू दुबईहून आला होता, मखर त्याने रात्रभर जागून उभं केलं होतं. ती वाकून वहिनीजवळ बसली, तिची पाठ चोळू लागली.

"गप गो," ती म्हणाली. "गणपतीचं काय. पुढल्या वर्षी येतोच तो. आपण त्याला तसंच सांगतो ना दर वर्षी?" मग पलंगाकडे बघून हळूच, "याला पण सांगायला हवं होतं."

तिरडी बांधली. नाचायला जमवलेले आठ जण आयतेच होते. खांद्यांची उंची जुळत होती, पावलंही जुळत होती, त्यासाठी तालीम लागली नाही. क्रेनवाला पुढे, मी मागच्या डाव्या बांबूला. मास्तर पाठीमागे चालत होते, हात रिकामे.

आमच्याकडे वाटेवर विसावा असतो. चिऱ्याच्या कड्याशी, जिथून खाली खाडी दिसते, तिथे तिरडी क्षणभर टेकवायची, खांदे बदलायचे. बायका तिथपर्यंत येतात आणि तिथून मागे फिरतात. तिरडी टेकवली. कुणालाही उचलायची घाई नव्हती. क्रेनवाला माझ्या कानाशी म्हणाला, "त्याचं गाणं राहिलं रे."

"सुतक आहे," मी म्हटलं. "गण कसा म्हणणार?"

मास्तरांनी ते ऐकलं. ते शाळेत पोरांना हिशोब समजावतात त्या आवाजात म्हणाले, "गण म्हणू नका. पण मधली ती ओळ आहे ना, तिच्यात देव नाही. शब्दच नाही तिच्यात. तिला तुमचं सुतक कुठून लागणार?"

सगळ्यांनी मान वळवून काकीकडे बघितलं. काकी खाडीकडे बघत होती.

मुलगी बायकांमधून पुढे आली. बापाच्या उशाशी उभी राहिली. एक बोट कानाशी नेलं, अगदी त्याच्यासारखं, आणि तो सूर लावला.

आम्ही इतकी वर्षं तो दाढीवाल्या पुरुषाच्या बारीक आवाजात ऐकला होता. हसायची जागा होती ती आमची. आता तो बाईच्या आवाजात आला तेव्हा कळलं, की त्याने तिथे शब्द का ठेवले नव्हते. कुठलाच शब्द तिथे पुरला नसता. सूर खाली खाडीवर गेला, पलीकडच्या डोंगराला लागला असेल. तिने तो कवीसारखाच सावकाश, न घाई करता म्हटला. एकदाच. मग तिने बोट खाली घेतलं आणि वहिनीचा हात धरला.

बायका मागे फिरल्या. आम्ही वाकून बांबू खांद्यावर घेतले. तरी पाऊल उचलेना कुणाचं. सगळे उभे, कुणीतरी सांगायची वाट बघत असल्यासारखे. सांगणारा वर निजला होता.

मी बोटाने बांबूवर दोन ठोके दिले.

आम्ही निघालो.